अडकलेला सा

माणसाला हौस असावी, पण ती कपाटात मावेल एवढी असावी, असं माझी बायको ओक्का म्हणते. तिला विणकामाची हौस आहे. सुई मोडली तर दुकानात दुसरी मिळते आणि मोजा फसला तर तो मला घालायला मिळतो. माझी हौस चर्चच्या माडीवर उभी आहे. ती तीनशे वर्षांची आहे, तिचं डोकं छताला टेकलेलं आहे, आणि ती सरकारी संरक्षणाखाली आहे.

ग्रोटलोग या आमच्या गावच्या चर्चमध्ये दर रविवारी मी ऑर्गन वाजवतो. पोटासाठी मात्र तालुक्याच्या कचेरीत बांधकाम परवान्यांच्या टेबलाशी बसतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचलं ते हेच. ‘परवानगी हातात पडेपर्यंत कौलालासुद्धा बोट लावायचं नाही’ हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या शांत चेहऱ्याने ऐकवलं आहे की मी बाजारात दिसलो की आमच्या भागातले निम्मे लोक रस्ता ओलांडतात.

ऑर्गनच्या आवाजाबद्दल मी बोलायला लागलो की ओक्का ताटं गोळा करायला उठते, म्हणून थोडक्यात सांगतो. नळ्यांची एकेक रांग चालू करणारे खटके बाहेर ओढायचे, भात्यात हवा भरल्याचा सुस्कारा ऐकायचा, आणि पायाखालची सगळ्यात खालची पट्टी दाबायची. आधी काहीच ऐकू येत नाही. आधी बाक थरथरतो. तो थरथराट मांड्यांतून पाठीच्या कण्यात चढतो आणि मग कानाला कळतं की अरे, हा सूर आहे. वरच्या नळ्यांचा आवाज निराळाच. त्याला थोडी खरखर आहे, जुन्या माणसाने घसा साफ करून बोलायला सुरुवात करावी तशी. आणि पट्टी सोडली तरी सूर लगेच जात नाही. कोट घालून दारात उभा राहिलेला पाहुणा बोलतच राहतो, तसा छताखाली रेंगाळतो. दिवसभर परवानग्या नाकारणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा असं काही हाताखाली मिळालं, तर त्याने ते सोडावं कसं?

तर नोव्हेंबरातला एक रविवार. बाहेर धुकं असं की चर्चमधून गोठे दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. दुसरं गीत संपत आलं. शेवटचा स्वर लांबवून मी हात उचलले. सगळे सूर गेले, पण वरचा सा गेला नाही.

मला वाटलं, माझं बोट राहिलं असेल. मी बोटाकडे पाहिलं. ते हवेत होतं. सा चालूच होता.

खाली पाळकबाई गेशे प्रार्थनेला उभ्या राहिल्या होत्या. “हे प्रभू, आमच्या अंतःकरणाला शांतता दे,” त्या म्हणाल्या, आणि सा म्हणाला, “पोंऽऽऽ.” मी घाईघाईने खटके आत ढकलायला लागलो. आमचे खटके म्हणजे मुठीएवढ्या जाडीचे लाकडी दांडे आहेत आणि ते करकरत आत जातात. पहिला ढकलला, सा थोडा बारीक झाला. दुसरा ढकलला, आणखी बारीक. शेवटचा ढकलेपर्यंत पूर्ण मंडळी माना वळवून वर बघत होती, आणि पहिल्या बाकावरून थेडाआजी ओरडल्या, “फोको! बोट काढ!”

थेडाआजी नव्वदीच्या पुढच्या. कानाने अधू, त्यामुळे स्वतःच्या आवाजाचा त्यांना अंदाज नसतो. गावात त्यांचा दरारा असा की मीसुद्धा माडीवरून दोन्ही हात वर करून दाखवले. दहाही बोटं. पोलिसांनी पकडल्यासारखे.

एक खटका जरी ओढला तरी सा पुन्हा हजर. त्यामुळे उरलेली दोन्ही गीतं मंडळींनी त्या एकाच सुरावर म्हटली, आणि मी वर घामाने भिजलो.

चर्चच्या दारात सल्ले तयारच होते. आमच्या गावात लोक सहसा दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत, पण दुसऱ्याची वस्तू बिघडली की वक्तृत्व फुटतं. औषधांच्या दुकानवाल्याने सांगितलं, उंदीर. बेकरीवाल्या इल्सेबाईंनी सांगितलं, यीस्टचं जसं थंडीत होतं तसंच हे, ऊब आली की आपोआप सुटेल. आणि थेडाआजींचा मुलगा हाब्बो, माझा शेजारी, जन्मभर गाई पाळून आता निवृत्त झालेला, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मला तर आवडलं बुवा. घुमल्यासारखं वाटत होतं. पण सांगू का, आमच्या दूध काढायच्या यंत्राचं असंच व्हायचं. आतलं चामडं सुकतं, झडप बसत नाही. ओल दे त्याला.”

पाळकबाईंनी मात्र सल्ला दिला नाही, आज्ञा दिली. “ऑर्गनवाल्या कारागिराला बोलवावं लागेल, फोको. त्याच्या आधी पुरातन वास्तूंच्या विभागाची परवानगी. तो तुमच्याच कचेरीत आहे ना? मग सोपंच आहे.”

सोपं! पुरातन वास्तूंचा विभाग म्हणजे माझ्यापासून दोन दारं सोडून बसणारी टोम्के रीन्ट्स. चहाच्या सुट्टीत आम्ही एका टेबलाशी बसतो. सोमवारी मी विषय लांबून काढला.

“समज, एखाद्याच्या एखाद्या जुन्या वस्तूत एखादी झडप अडकली...”

टोम्केने कप खाली ठेवला. “फोको, तू कशाला हात तर लावला नाहीस ना?”

“छे! मी?”

त्या दिवशी ते खरं होतं.

“मग लावू नकोस. अर्ज टाक. वसंतात येईन बघायला. माझ्याकडे तीन पवनचक्क्या आणि एक गळकं मठघर आधीच रांगेत आहे.”

वसंत! मधे नाताळ होता. तरी मी अर्ज टाकला असता आणि वाट पाहिली असती. वाट पाहणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणजे लोकांना पाहायला लावणं. पण त्याच संध्याकाळी थेडाआजींनी मला चहाला बोलावलं.

हाब्बोच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी त्या बसल्या होत्या. चहा पडून खडीसाखर तडतडली, वर साय सोडली गेली, पहिला कप गप्प बसून झाला. दुसऱ्या कपाला आजी म्हणाल्या, “मी या हिवाळ्यात जाणार आहे.”

“आई,” हाब्बो म्हणाला.

“तू गप्प बस. मी फोकोशी बोलतेय. माझ्या वेळेला ते संध्याकाळचं जुनं गीत वाजवायचं. सातही कडवी. गेशे म्हणेल, चार पुरेत. तिचं ऐकायचं नाही. मला घाई नसणार. आणि तो शेजारच्या गावातला विजेवर वाजणारा डबा माझ्या उशाशी आणायचा नाही. दाताच्या डॉक्टरकडे असल्यासारखं वाटतं. ऑर्गनच हवा. माझं लग्न त्याच्याच आवाजात झालं, नवरा त्याच्याच आवाजात गेला.” मग डोळे बारीक करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “वाजेल ना रे तो?”

“वाजेल, आजी,” मी म्हणालो.

हातात गरम चहा असला की माणूस कसाही शब्द देऊन बसतो.

बाहेर पडताना हाब्बो म्हणाला, “ओल दे.” आणि मी, फोको उब्बेन, परवाने विभाग, म्हणालो, “देऊ.”

ओल द्यायची म्हणजे काय करायचं, यावर आम्ही सखोल विचार केला. आम्ही ओले टॉवेल नेले. ओक्काचे, जाड, पाहुण्यांसाठी राखलेले. ऑर्गनच्या मागचं छोटं दार उघडून आत वाकलो. आत नळ्यांचं जंगल. मोठ्या नळ्या खांबांसारख्या, लहान पेन्सिलीएवढ्या, आणि खाली हवेची लांबलचक लाकडी पेटी. तिच्या पोटात कुठेतरी आमची झडप उघडी राहिलेली. आम्ही पेटीवर टॉवेल पसरले. हाब्बोने वर पाण्याची बादलीही ठेवली, “तहान लागली तर,” म्हणून.

आठवड्याने मी खटका ओढला. सा होताच. पण आता शेजारचा रेसुद्धा त्याच्या नादी लागला होता.

लाकूड फुगलं होतं. एका सुराचा बिघाड लपवता येतो, दोन सुरांची फूस म्हणजे बंड. मला रात्री झोप येईना. डोळा लागलाच तर स्वप्नात टोम्के पवनचक्कीवर बसून माझा अर्ज वाचायची.

“ओल जास्त झाली,” हाब्बोने निदान केलं. “आता सुकव.” आणि तो वासरांच्या गोठ्यातला तापवायचा लाल दिवा घेऊन आला.

मी नको म्हणालो, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. मी स्पष्टपणे नको म्हणालो आणि मग शिडी धरली. दिव्याच्या उजेडात ते नळ्यांचं जंगल इतकं सुंदर दिसत होतं की क्षणभर मी काळजी विसरलो. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. “टक्.”

मी शिडी आणखी घट्ट धरली.

“ते बहुतेक छप्पर असेल,” हाब्बो म्हणाला.

रे सुधारला, हे मान्य केलं पाहिजे. सा मात्र आता पूर्वीपेक्षा मोकळ्या गळ्याने ओरडायला लागला. झडप वाकून कायमची उघडी राहिली होती.

शनिवारी मी एकटाच गेलो. मनाशी ठरवलं की झडपेच्या वाटेला जायचं नाही. नुसती त्या साची पुढची, सगळ्यात मोठ्या आवाजाची नळी अलगद उचलायची, कापडात गुंडाळायची आणि बाजूला ठेवायची. उरलेल्या बारीक नळ्यांचा सा थोडा दबेल, रविवार निभावेल. नळी कोपरापासून बोटापर्यंतच्या लांबीची. शिसं आणि कथलाची, लोण्यासारखी मऊ. मी ती उचलली. शिडीच्या शेवटच्या पायरीशी ती हलकेच बाकावर ठेवली. मग पाय शोधताना तोल गेला आणि मी बाकावर बसलो.

कशावर बसलो, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

उठून पाहिलं तर नळीला काकडीसारखा बाक आला होता. तीनशे वर्षांत दोन महायुद्धं, तीन पूर आणि एक वीज यांतून ती सरळ राहिली होती. मग मी बसलो.

मनात आलं, घरी नेऊ, लाटण्यावर हळूहळू सरळ करू, कोणाला कळायच्या आत परत लावू. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं त्यात नेहमी एखादं लाटणं असतं. मी नळी ओक्काच्या भाजीच्या पिशवीत घातली, वरून कांद्याच्या पातीची जुडी खोचली, पिशवी सायकलच्या दांड्याला अडकवली आणि बंधाऱ्याच्या रस्त्याने निघालो.

आमच्याकडे वारा असतोच, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच झालं की वारा समोरून होता आणि नळीचं खालचं टोक पिशवीतून पुढे डोकावत होतं. मी वेग घेतला आणि पिशवी गायला लागली.

थोडासा वाकडा, किंचित उतरलेला, पण खणखणीत सा. मी पाय थांबवले, आवाज थांबला नाही. पिशवी मांडीला दाबून धरली तर तो कापत कापत यायला लागला, जास्तच भावपूर्ण. कुरणातल्या गाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. इल्सेबाई बेकरीच्या दारात आल्या. “फोको, तुझी सायकल गातेय!” त्यांनी आपलेपणाने कळवलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

आणि वळणावर समोरून गाडी आली, थांबली, काच खाली झाली. टोम्के रीन्ट्स.

मी सायकलवरून उतरलो. वारा काही उतरला नाही.

“पोंऽऽऽ,” पिशवी म्हणाली.

“फोको,” टोम्के म्हणाली, “त्यात काय आहे?”

“कांद्याची पात.”

तिने इंजिन बंद करून कान दिला. मग म्हणाली, “पात गात नाही.”

त्या क्षणापासून मी तिच्यासाठी ‘फोको’ राहिलो नाही. सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली ती “श्रीयुत उब्बेन, आपण जरा येता का?” असं म्हणत. नळी तिने आधीच ताब्यात घेतली होती, लहान मुलाच्या दुलईत गुंडाळून. दुपारी तिने चर्चच्या माडीवर जाऊन ऑर्गनला कागदी पट्टी चिकटवली आणि वर शिक्का मारला. परवानगीशिवाय कोणीही आतल्या कशालाही हात लावू नये. पाळकबाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या. कचेरीत तर माझ्या टेबलापुढे रांग वाढली. ज्याच्या गॅरेजचं छप्पर मी फार पूर्वी नामंजूर केलं होतं, तो गृहस्थ काही काम नसताना आला, प्रेमाने हात हातात घेतला आणि म्हणाला, “सांभाळा हं, उब्बेनसाहेब. बसताना बघून बसा.”

हे सगळं सोसलं असतं. पण गुरुवारी हाब्बो आला.

दार न ठोठावता आत आला आणि टोपी न काढता स्वयंपाकघरात बसला. ओक्काने चहा केला. पहिला कप झाला. दुसरा झाला. तिसरा कप हातात धरून तो म्हणाला, “आई गेली. सकाळी. खिडकीशी बसली होती.”

ओक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“सात कडवी,” हाब्बो म्हणाला. मग म्हणाला, “टॉवेल माझी कल्पना होती.”

“टॉवेल माझे होते,” मी म्हणालो.

“टॉवेल माझे होते,” ओक्का म्हणाली. आणि आम्ही तिघं एकदम हसलो, आणि हाब्बोचं हसणं मधेच मोडलं.

पाळकबाईंनी शेजारच्या गावातला विजेचा डबा सांगून ठेवला होता. त्यांचं चुकलं नव्हतं. दुसरा मार्ग काय होता? पण मी आजींना शब्द दिलेला. रात्रभर मला त्यांचे ते बारीक केलेले डोळे दिसत राहिले. वाजेल ना रे तो?

शुक्रवारी मी टोम्केच्या दारासमोर रांगेत उभा राहिलो. सरळ आत जाता आलं असतं. गेलो नाही. माझ्या पुढे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांनी मला ओळखलं, आणि आपली जागा देऊ केली नाही.

“बसा, श्रीयुत उब्बेन,” टोम्के म्हणाली. मी खुर्चीकडे बघून बसलो.

मी थेडाआजींबद्दल सांगितलं. लग्नाबद्दल, नवऱ्याबद्दल, विजेच्या डब्याबद्दल. मग नियमांबद्दल बोलायला गेलो आणि लक्षात आलं की समोरच्या बाजूने नियमांबद्दल कसं बोलतात, ते मला येतच नाही. तेव्हा आवाजाबद्दल बोललो. बाक कसा आधी थरथरतो, ते सांगितलं. सूर छताखाली रेंगाळतो ते सांगितलं. टोम्केला गोळा करायला ताटं नव्हती, त्यामुळे तिला पूर्ण ऐकावं लागलं.

तिने पेनाचं टोपण उघडलं.

“दुरुस्तीला परवानगी लागते,” ती म्हणाली. “ती वसंताच्या आत होणार नाही. नळी काढायला परवानगी लागते. ती तुम्हाला मी जन्मात देणार नाही.”

“हो.”

“वाजवण्याबद्दल मात्र कुठे काही म्हटलेलं नाही.”

“पण तो सा ओरडत राहील. बाकीच्या नळ्यांतून.”

“तेच सांगतेय. ओरडतोय म्हणजे तिथे हवा सतत सुटतेय. म्हणजे त्या नळ्या धोक्यात आहेत. आणि धोक्यातली वस्तू सुरक्षित ठिकाणी हलवणं याला परवानगी लागत नाही, ते या विभागाचं कर्तव्य आहे.” तिने टोपण बंद केलं. “उद्या सकाळी मी येते. नळ्या मी काढणार. तुम्ही शिडी धरायची. आणि कशावरही बसायचं नाही.”

“बाकावर तर बसावं लागेल. वाजवताना.”

“आधी मला बाक दाखवायचा,” टोम्के म्हणाली.

शनिवारी तिने शिक्क्याची पट्टी काढली, लोकरीचे हातमोजे घातले आणि त्या साच्या सगळ्या नळ्या एकेक करून काढून गादीवर निजवल्या. मी सगळे खटके ओढले. पेटीतून बारीक फुसफुस येत राहिली, बस्स. सा गप्प झाला होता. पण गप्प म्हणजे पुरता गप्प. पट्टी दाबली तरी काही नाही. कवळीतला एक दात पडावा तशी नेमक्या जागी फट.

आणि संध्याकाळचं ते जुनं गीत! त्याच्या तिसऱ्या ओळीत चाल पायरीपायरीने चढत जाते आणि बरोबर वरच्या सावर जाऊन उभी राहते. सगळं गीत त्या एका जागेसाठीच रचलंय की काय, असं वाटावं. सुरांची पट्टी बदलून वाजव, असं कोणीही म्हणेल. मी करून पाहिलं. पण या जुन्या ऑर्गनची जुळणीच अशी आहे की नेहमीची पट्टी सोडली की नळ्या कुत्र्यांसारख्या भांडायला लागतात. दुसरा उपाय नव्हता.

दुपारी चर्च भरलं. शवपेटी वेदीपुढे, वर झाऊच्या डहाळ्या आणि पांढरी फुलं. हाब्बो पहिल्या बाकावर, आईच्या जागेच्या शेजारी. ती जागा कोणी घेतली नव्हती. विजेचा डबा पडद्याआड तयार ठेवला होता, म्हणजे पाळकबाईंचा माझ्यावर किती विश्वास होता ते कळलंच. टोम्के माडीवर माझ्याच बाकाच्या टोकाला बसलेली, गादीवरच्या नळ्यांवर लक्ष ठेवून.

पहिलं कडवं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. आमची मंडळी गातात म्हणजे ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. ऑर्गन पुढे, ती मागे, मेंढरं मेंढपाळामागे जातात तशी. तिसरी ओळ चढली, आणि वर पोचली, आणि काही नाही.

अंधारात नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं झालं. सगळं चर्च अडखळलं. मंडळींच्या माना पुन्हा माझ्याकडे वळल्या. मला गादीवर नळ्यांशेजारी आडवं व्हावंसं वाटलं. बोटं चालत राहिली एवढंच.

दुसरं कडवं. तिसरी ओळ जवळ आली. सूर चढला, फट आली, आणि त्या फटीत खालून एकच आवाज निघाला. हाब्बोचा. हाब्बो कधी गात नाही. लहानपणी शाळेत मास्तरांनी त्याला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं आणि ते त्याने आजवर पाळलं होतं. आवाज खडबडीत होता, साच्या जरा खालीच होता, गोठ्यातून गाईला हाक मारावी तसा होता. पण तो त्या जागेवर उभा राहिला आणि सूर पुढे निघेपर्यंत हलला नाही.

तिसऱ्या कडव्याला इल्सेबाई त्याच्या मदतीला आल्या. औषधांचा दुकानदार आला. माझ्या हातांना ते आधी कळलं. खालून काहीतरी वर येत होतं. चौथ्या कडव्यानंतर पाळकबाईंनी वर बघून हात हलवला, पुरे. मी न बघितल्यासारखं केलं. पाचव्या कडव्याला लोक त्या जागेची वाट बघायला लागले होते. दुसऱ्या ओळीतच छाती भरून घेताना ऐकू येत होतं. सहाव्याला पाळकबाईसुद्धा. सातव्याला तिसरी ओळ चढली आणि सबंध ग्रोटलोग, चिखलाचे बूट, काळे कोट, शवपेटी उचलायला आलेली सहाही माणसं, त्या साशी अशी काही उभी राहिली की खिडक्यांची तावदानं वाजली. माझ्या शेजारीही कोणीतरी गात होतं. मी मान वळवली नाही. वळवली असती तर वाजवणं चुकलं असतं, डोळे आधीच नीट दिसू देत नव्हते.

शेवटचा स्वर सोडला. तो छताखाली थोडा थांबला आणि गेला.

त्यानंतर मला कचेरीतून लेखी ताकीद मिळाली, सहीशिक्क्यासह. शिक्का टोम्केचा. नळी सरळ करायला आणि झडप बसवायला कारागीर ईस्टरच्या सुमारास आला. तोवर सबंध हिवाळा आम्ही साशिवायच काढला. नाताळसुद्धा. प्रत्येक गीतात तो सा कुठे ना कुठे यायचा आणि मंडळी तो भरायची. ‘आज आपली जागा कुठे आहे?’ असं इल्सेबाई रविवारी सकाळी मला पाव देतानाच विचारून घ्यायच्या. हाब्बो तर गुरुवारी संध्याकाळी येऊन सराव करायला लागला. ओक्काने त्याला नवे टॉवेल दाखवले आणि हात लावू नको म्हणाली.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या रविवारी टोम्के सरकारी कामाने आली. दुरुस्त झालेला सूर प्रत्यक्ष उपासनेत वाजतो की नाही, हे ऐकून दाखला द्यायचा होता. ती खाली, मधल्या बाकावर बसली. मी वर देवाचं नाव घेतलं. झडप पुन्हा अडकली तर? नळी बसली नसली तर? कारागिराने माझ्या बसण्याचा काही अंश त्या धातूत राहू दिला असला तर? गीत सुरू झालं, तिसरी ओळ चढली, मी पट्टी दाबली, आणि खालून असा गजर उठला की मला माझ्याच बोटाखालचं काही ऐकू आलं नाही. हिवाळाभर स्वतःची मानलेली जागा मंडळी सोडायला तयार नव्हती.

उपासना संपल्यावर मी धावत जिना उतरलो. टोम्के दारात हातमोजे चढवत होती.

“सा वाजला का?” मी विचारलं.

“मला काय माहीत, फोको,” ती म्हणाली. “मी गात होते.”